वजनकाटा आणि कमी सोडियमचे मीठ : हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या घरातील दोन वस्तूंचे परीक्षण

हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडल्याचे, निदान झालेला रुग्ण दवाखान्यातून घरी येतो तेव्हा औषधांच्या पिशवीबरोबर दोन वस्तू बहुधा घरात येतात. एक म्हणजे डिजिटल वजनकाटा आणि दुसरी म्हणजे ‘हृदयासाठी चांगले’ म्हणून विकले जाणारे कमी सोडियमचे मीठ. सावद्याला आमच्या घरी आबांसाठी या दोन्ही वस्तू जळगावातील एकाच औषध दुकानातून, एकाच बिलावर आल्या. काट्याला साडेनऊशे रुपये पडले. मिठाचे पाकीट साध्या मिठाच्या दुप्पट भावाचे असले तरी एकूण बिलात ती रक्कम कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. हिवाळा, लग्नसराई आणि उन्हाळा असे सगळे ऋतू काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, काटा ही या आजारातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खरेदी आहे, तर ते मीठ आबांसारख्या रुग्णाच्या स्वयंपाकघरात येताच कामा नये. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. या किमतीतले काटे आतून बहुतेक सारखेच असतात, आणि मिठाबाबतचा माझा आक्षेप एखाद्या कंपनीवर नसून त्या पाकिटात जे असते त्यावर आहे.

आबांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचे पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातील किती टक्के रक्त बाहेर ढकलले जाते ते) तीस टक्के आले. निरोगी हृदयात ते साधारण पन्नास ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान असते. त्यांच्या चिठ्ठीवर सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन ही चार औषधे आहेत आणि त्यांच्या जोडीला लघवी वाढवणारी टॉरसेमाइडची गोळी आहे, जिला घरात सगळे ‘पाण्याची गोळी’ म्हणतात. पंपिंग कमी असलेल्या रुग्णांसाठी ही चार प्रकारची औषधे आज जगभर मुख्य मानली जातात. यादी येथे द्यायचे कारण असे की, काट्याचा उपयोग आणि मिठाचा धोका या दोन्ही गोष्टी याच यादीशी जोडलेल्या आहेत.

आधी काट्याविषयी. हृदय कमी ताकदीने रक्त ढकलू लागले की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. पायांवर बोट दाबल्यावर खड्डा पडेपर्यंत किंवा रात्री उशा वाढवाव्या लागेपर्यंत अंगात बरेच पाणी साचलेले असते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरत असल्यामुळे सूज डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी ती काट्यावर दिसू लागते. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढले तर थांबून न राहता दवाखान्यात कळवावे, असा आबांच्या डॉक्टरांचा नियम आहे. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही हाच आकडा आहे. काही डॉक्टर याहून कमी वाढीवरही फोन करायला सांगतात. म्हणून प्रत्येक रुग्णाने आपली मर्यादा लिहून घ्यावी. ही मर्यादा आणि सूज उतरल्यानंतरचे ‘कोरडे’ वजन हे दोन आकडे हाती नसतील, तर महागातला काटाही शोभेची वस्तू होऊन राहतो.

आमचा काटा जाड काचेचा आहे, त्याची क्षमता एकशे ऐंशी किलो आहे आणि तो शंभर ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो. चार कोपऱ्यांच्या चार पायांत भार मोजणारे सेन्सर असतात, त्यामुळे चारही पाय एकसारखे टेकलेले असणे ही पहिली अट आहे. मागच्या ओसरीत शहाबादी फरशीच्या सांध्यावर ठेवला असता तो लागोपाठच्या दोन वेळांत सातशे ग्रॅमचा फरक दाखवी. देवघराबाहेरच्या गुळगुळीत फरशीवर हलवल्यावर तो फरक शंभर ग्रॅमवर आला. सतरंजीवर किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्याचा भरवसा धरू नये. काटा खरा आहे का, हे पाहण्यासाठी किराणा दुकानातून आलेला, शिलाई न उसवलेला पंचवीस किलोचा तांदळाचा कट्टा त्यावर ठेवला, तेव्हा पंचवीस किलो तीनशे ग्रॅम भरले. त्यात गोणीचेही वजन आले आणि काट्याची चूकही आली. पण या कामासाठी काटा अर्धा किलो जास्त दाखवतो की कमी, याला फारसे महत्त्व नाही. तो रोज तेवढीच चूक करतो की नाही, हे महत्त्वाचे आहे. त्या कसोटीला आमचा काटा उतरला.

पद्धत साधी आहे. सकाळी शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण त्याच कपड्यांत, अनवाणी उभे राहायचे आणि आकडा वहीत लिहायचा. आबा धोतर नेसतात. हिवाळ्यात अंगावरची शाल काढायला ते नाराज असतात, म्हणून वहीत ‘शाल’ असा एक रकाना वहिनींनी आखला आहे. रोजच्या आकड्याशेजारी एक-दोन शब्दांची नोंदही असते : ‘लग्न’, ‘पाटोड्या’, ‘गोळी राहिली’. दवाखान्यात डॉक्टर ही वही आधी मागतात आणि इकोचा कागद नंतर पाहतात.

काट्याचे दोष लपवण्यात अर्थ नाही. आकडे मोठे असले तरी पडद्यामागे उजेड नाही. पहाटे वीज नसली म्हणजे, आणि आमच्याकडे ती नसण्याला काही मुहूर्त लागत नाही, मोबाइलची बॅटरी पेटवून वाकून वाचावे लागते. आकडा स्थिर झाल्यावर काही क्षणांतच काटा आपोआप बंद होतो. आबा वाकून पाहेपर्यंत तो विझलेला असतो, म्हणून जवळ दुसरे माणूस लागतेच. ओल्या पायांना काच निसरडी होते. रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्ध माणसाला तसाही उठताना झोक जातो. तेव्हा काटा दाराच्या चौकटीजवळ किंवा जड खुर्चीशेजारी, धरायला काही असेल अशाच जागी ठेवावा.

काट्याची खरी परीक्षा हिवाळ्यात झाली. मार्गशीर्षात शेतात भरीत पार्टी होती. बामणोदची हिरवी वांगी तूरकाड्यांच्या जाळावर भाजली, बडगीत, म्हणजे ठेचण्याच्या लाकडी भांड्यात, ठेचली, वरून मिरची-लसणाचा ठेचा, शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि तळलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. दुसऱ्या दिवशी घरी शेवभाजी झाली, कारण पाहुणे मुक्कामाला होते. आबांना धाप नव्हती, पायांवर सूज नव्हती आणि ते स्वतः ‘मी ठणठणीत आहे’ असे सांगत होते. पण तिसऱ्या सकाळी काट्यावर दोन किलो दोनशे ग्रॅमची वाढ होती. वहिनींनी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनी पाण्याची गोळी थोड्या दिवसांसाठी वाढवली, रक्ततपासणी सांगितली आणि वजन उतरत आल्यावर गोळी पुन्हा पहिल्या मात्रेवर आणली. दवाखान्यात दाखल होण्याची वेळ आली नाही. गोळी स्वतःहून वाढवण्याचा अधिकार मात्र काटा कोणाला देत नाही, कारण त्या गोळीने मूत्रपिंडांवर आणि क्षारांवर काय परिणाम होतो ते रक्ततपासणीतच दिसते.

काट्याचा दुसरा उपयोग आमच्या मुलखापुरता अधिक खरा आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. घामावाटे पाणी जाते, शिवाय टॉरसेमाइड आणि डापाग्लिफ्लोझिन दोन्ही लघवीवाटे पाणी काढतातच. त्या दिवसांत आबांचे वजन कोरड्या वजनाच्याही दीड किलो खाली उतरले आणि उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. येथेही वही पाहूनच डॉक्टरांनी पाण्याची गोळी निम्मी केली. हार्ट फेल्युअर म्हणजे पाणी कमी प्यायचे, एवढेच एक वाक्य घरोघरी पाठ झालेले असते. पाण्याची मर्यादा प्रत्येक रुग्णाला सारखी नसते आणि वैशाखात ती पौषातल्याइतकी ठेवणेही नेहमी योग्य ठरत नाही. उलट्या-जुलाब लागले किंवा कडक उपास धरला, तर डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी काही काळ थांबवावी लागू शकते, त्यामुळे अशा वेळी फोन करूनच पुढची मात्रा घ्यावी. आषाढी एकादशीच्या निमित्ताने आमच्याकडे यावर बराच वाद झाला आणि अखेर आबांनी उपास फळे-दुधावर आणला.

आता मिठाकडे वळतो. साधे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. कमी सोडियमच्या मिठात त्यातील काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी मूत्रपिंडे असलेल्या, रक्तदाब असलेल्या सर्वसाधारण माणसासाठी ही कल्पना चांगलीच आहे. चीनच्या खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण घटलेले आढळले, आणि जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरगुती वापरासाठी अशा मिठाची शिफारस केली. परंतु त्याच शिफारशीत मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशांना वगळलेले आहे; चीनच्या अभ्यासात तर पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी घेणारा माणूस ज्या घरात असेल, त्या घरालाच घेतलेले नव्हते.

आबांची स्पायरोनोलॅक्टोन नेमकी तशी गोळी आहे. सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टननेही पोटॅशियम वाढू शकते. रक्तातील पोटॅशियम लिटरमागे साधारण साडेतीन ते पाच मिलिमोल या मर्यादेत असावे लागते. ते साडेपाचच्या वर गेले तर डॉक्टरांना या मोलाच्या गोळ्यांची मात्रा कमी करावी लागते आणि फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. म्हणजे मीठ बदलून मिळणारा किरकोळ फायदा घेण्यासाठी, ज्या गोळ्यांनी आयुष्य वाढते त्याच गोळ्या सोडाव्या लागण्याची पाळी यायची. डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय आणि नियमित रक्ततपासणीशिवाय हा सौदा कोणत्याही हिशेबाने परवडणारा नाही.

हे पाकिटावर लिहिलेले नव्हते काय? लिहिलेले होते, पाठीमागे, इंग्रजीत, उत्पादनाची तारीख शोधताना चष्मा पुसावा लागेल इतक्या बारीक अक्षरांत, की वैद्यकीय देखरेखीखाली असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून वापरावे. पुढच्या बाजूला मात्र लाल रंगाचे ठसठशीत हृदय होते. ज्या दुकानदाराने त्याच हाताने स्पायरोनोलॅक्टोनची पट्टी पिशवीत टाकली, त्याच हाताने हे पाकीटही ‘घेऊन जा, पेशंटसाठीच आहे’ म्हणत टाकले, ही माझी त्या दुकानाविरुद्धची तक्रार आहे. चिठ्ठी समोर असताना एवढी विचारपूस करणे हेच औषध दुकानाचे काम आहे. वहिनी शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी पाकिटाची मागची बाजू वाचून डॉक्टरांना विचारले आणि आबांच्या ताटात ते मीठ पोचले नाही. पाकीट फुटलेले असल्याने दुकानाने परत घेतले नाही.

फुटलेच होते म्हणून आम्ही बाकीच्यांनी त्याची चव पाहिली, कारण परीक्षण लिहायचे तर तेही सांगितले पाहिजे. ठेच्यात किंवा रश्शात फरक जवळजवळ कळत नाही. साध्या वरणात आणि ताकात मात्र जिभेच्या मागच्या बाजूला कडवट, धातूसारखी चव रेंगाळते, आणि खारटपणा कमी वाटल्याने हात आपोआप सढळ होतो. आमच्या पाकिटावर सोडियम पंधरा टक्के कमी असल्याचा दावा होता. पंधरा टक्के कमी सोडियमचे मीठ वीस टक्के जास्त घातले, तर शिल्लक काय राहिले याचा हिशेब कोणीही करू शकेल. सैंधव किंवा काळे मीठ घेऊन प्रश्न सुटेल असे म्हणणारे पाहुणेही भेटतात. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.

मीठ कमी करायचे तर ते बरणीत बदल करून होत नाही, ते जेथे दडलेले आहे तेथून काढावे लागते. आणि खान्देशी स्वयंपाकात ते फार बेमालूम दडलेले असते. कळण्याचेच घ्या. ज्वारी आणि अख्खे उडीद दळायला देताना त्यातच मेथ्या आणि खडेमीठ घालण्याची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे भाकरी थापणारीने चिमूटभरही मीठ घातले नाही तरी ती खारटच असते. दवाखान्यातील आहाराच्या छापील कागदावर ‘भाकरी : चालेल’ एवढेच लिहिले होते, कारण तो कागद तयार करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कळणे नव्हते. आम्ही आता आबांपुरते कळणे बिनमिठाचे वेगळे दळून आणतो. बिबडे, उडदाचे पापड आणि कुरडया यांत मीठ असते आणि पापडांत पापडखारही असतो, जो स्वतः सोडियमचाच क्षार आहे. शेवभाजीत शेव आधीच खारी आणि वर रस्सा खारा. लोणचे, फरसाण, चहाबरोबरची खारी आणि पोट जड झाल्यावर पाण्यात फसफसवून घेतली जाणारी आम्लपित्ताची पूड ही सगळी त्याच खात्यात जमा होतात.

भरिताला मात्र मिठाची म्हणावी तेवढी गरज नाही, हे अनुभवाने कळले. वांगे काड्यांवर नीट भाजले असेल, लसूण आणि हिरवी मिरची भरपूर असेल आणि वरून लिंबू पिळले असेल, तर निम्म्या मिठात आबांनी हूं की चूं केले नाही. वरण-बट्टीच्या वरणात आमसूल आणि जिरे वाढवले. दिवसाचे पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, ही सर्वसाधारण मर्यादा आबांनाही लागू केली आहे. त्याहून खूप खाली जाण्याचा आग्रह डॉक्टरांनी धरला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे सोडियम दिवसाला दीड ग्रॅमच्या खाली आणण्याचा प्रयत्न केला गेला, तेव्हा मृत्यू किंवा दवाखान्याच्या खेपा त्यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही. रुग्णांना बरे वाटण्यात मात्र थोडी सुधारणा झाली. ताट इतके आळणी करायचे की म्हातारा माणूस जेवणच सोडील, यात शहाणपण नाही.

केळीविषयी प्रश्न येणारच, कारण आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना केळीचेच मळे आहेत. मध्यम केळ्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. आबांचा अहवाल मर्यादेत असल्याने त्यांना दिवसाला एक केळे खाण्याची मुभा आहे. पोटॅशियम वर सरकले की तीही जाईल. ज्यांनी स्वतःच्या मळ्यातील केळी आयुष्यभर मोजून खाल्ली नाहीत, त्यांना हा हिशेब पचायला जड गेला.

काट्याला जे कळत नाही तेही सांगायला हवे. गोळी वेळेवर घेतली की नाही, रक्तातील पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन किती आहे, नाडी किती आहे, हे तो सांगत नाही. त्यामुळे वजन स्थिर आहे म्हणून तपासणी चुकवणे धोक्याचे आहे. काही वेळा मात्र तो अनपेक्षित गोष्ट उघडी पाडतो. एकदा खाण्यात काहीच बदल नसताना वजन चढू लागले, तेव्हा चौकशीअंती कळले की गुडघेदुखीसाठी आबा गावातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून घेत होते. ही वेदनाशामके शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि हार्ट फेल्युअरमध्ये ती टाळायचीच असतात. दुखण्यासाठी आता साधी पॅरासिटामॉल दिली आहे, तीही पाण्यात फसफसणारी नव्हे, कारण त्या गोळीत सोडियम असते. तंबाखूची डबी, सकाळचे पाटापर्यंतचे चालणे आणि दरवर्षीची फ्लूची लस हे विषय काट्याच्या कक्षेबाहेरचे असले, तरी वही रोज उघडली जात असल्याने त्यांचीही आठवण निघते.

खर्चाचे म्हणाल तर औषधांपुढे काट्याची किंमत काहीच नाही. भारतात आधी डापाग्लिफ्लोझिनचे आणि मार्च २०२५ मध्ये त्याच गटातील एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यानंतर या गटातील गोळ्या पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत; तेव्हा जुन्याच महागड्या पट्ट्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून जेनेरिक घेता येतील का, ते पाहावे.

काटा विकत घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना उरते. शरीरातील चरबी, स्नायू आणि पाण्याची टक्केवारी दाखवणारे, मोबाइलला जोडले जाणारे ‘स्मार्ट’ काटे पायांतून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून मोजमाप करतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा झटका देणारे यंत्र बसवलेले आहे, त्यांनी असे काटे वापरू नयेत, असे उत्पादकच सांगतात. आणि हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत अशी यंत्रे असलेले पुष्कळ जण असतात. सूज असलेल्या शरीरात ती टक्केवारी भरवशाचीही नसते. म्हणून फक्त वजन दाखवणारा साधा काटा मागावा, पडद्यामागे उजेड असलेला मिळाल्यास शे-दोनशे रुपये जास्त द्यावेत, दुकानातच सपाट फरशीवर ठेवून लागोपाठ चार वेळा त्यावर उभे राहून पाहावे, आणि हमीपत्रावर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खोके उचलू नये.